बिल खरं, माल खरा, खातं खोटं: सोलापूरच्या एका टॉवेल युनिटचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल युनिटने सुताच्या ५० बॅगांचे ६,३०,००० रुपये आरटीजीएसने भरले आणि ते मिलला पोचलेच नाहीत. माल आलेला होता, गोदामात उतरवलेला होता. बिलावरचा जीएसटी क्रमांक खरा, ई-वे बिल खरं, क्यूआर कोड खरा. खोट्या फक्त दोन ओळी होत्या: खाते क्रमांक आणि आयएफएससी.

छोट्या कारखान्यांची कॉम्प्युटर आणि मेलची कामं मी बघतो. हे प्रकरण घडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आलं. मालकांच्या परवानगीने इथे मांडतोय. ओळख पटू नये म्हणून रकमा आणि काही तपशील बदललेत. फसवणुकीची पद्धत मात्र घडली तशीच ठेवली आहे.

यातली माणसं तीन. मालक, ज्यांना कामगारांपासून बँकेपर्यंत सगळे अण्णा म्हणतात. अकाउंट बघणाऱ्या ताई, ज्यांच्या हातून या युनिटचा प्रत्येक रुपया गेली कित्येक वर्षं जातो आणि ज्यांच्या वहीत पैशाचा फरक निघत नाही. आणि तिसरे सूत दलाल. मिल तमिळनाडूत, कारखाना सोलापुरात, आणि मधला व्यवहार दलालाच्या शब्दावर. इथल्या कारखानदारांना हे नवीन नाही. भाव दलालामार्फत ठरतो, बिल मेलवर येतं, पैसे बँकेतून जातात. मेल युनिटच्या स्वतःच्या नावाच्या डोमेनवर आहे आणि तो मायक्रोसॉफ्टच्या सेवेवर चालतो.

तीन आठवडे आधीचा मेल

पैसे गेले शुक्रवारी, पण प्रकरण सुरू झालं त्याआधी तीन आठवडे, एका मंगळवारी सकाळी. मिलच्या सेल्स ऑफिसातून ताईंना मेल आला: सुधारित दरपत्रक सोबत जोडलं आहे, पाहावं. खाली फाइल उघडायची लिंक.

पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा, हा पहिला सल्ला सगळे देतात. ताईंनी तो पाळला असता तरी उपयोग नव्हता, कारण पत्ता खरोखर मिलचाच होता. मिलच्या सेल्समधल्या कुणाचा तरी मेलबॉक्स त्याआधीच चोरट्यांच्या हातात गेला होता आणि तिथून ओळखीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना हाच मेल सुटला होता. सुताचे भाव रोज हलतात. दरपत्रकाचा मेल ताईंना येणं यात वावगं काहीच नव्हतं. म्हणून ‘ताईंनी विचार न करता क्लिक केलं’ असं जे नंतर युनिटमध्ये बोललं गेलं, ते मला पटत नाही. दरपत्रक उघडणं हे त्यांचं काम आहे.

लिंक एका नामांकित फाइल शेअरिंग सेवेवर गेली. तीही खरी. तिथे धूसर केलेलं दरपत्रक दिसलं आणि त्यावर एक बटण: पूर्ण पाहण्यासाठी साइन इन करा. बटण दाबल्यावर मायक्रोसॉफ्टचं लॉगिनचं पान आलं. युनिटचा लोगो त्यावर होता, रोज असतो तसाच.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण बहुतेक लोक समजतात तसं हे चित्र काढून बनवलेलं नकली पान नव्हतं. चोरट्याचा सर्व्हर मध्ये बसला होता. ताईंनी जे टाइप केलं ते तो खऱ्या मायक्रोसॉफ्टला देत होता आणि तिथून आलेलं पान ताईंना दाखवत होता. लोगो खरा होता तो म्हणूनच. पासवर्ड टाकल्यावर मोबाइलवर आलेला सहा आकडी कोडही खरा होता, मायक्रोसॉफ्टनेच पाठवलेला. ताईंनी तो टाकला, लॉगिन पूर्ण झालं, आणि ‘हा माणूस ओळखीचा आहे, याला पुन्हा विचारू नका’ असं सांगणारी जी छोटी नोंद ब्राउझरला मिळते, ती आधी मधल्या माणसाला मिळाली. त्यानंतर त्याला ना पासवर्डची गरज होती ना ओटीपीची. ‘आमच्याकडे ओटीपी चालू आहे, आम्हाला काय भीती’ असं सांगणारे कारखानदार मला दर महिन्याला भेटतात. ओटीपी असावा, जरूर असावा, पण अशा मधल्या माणसासमोर तो टिकत नाही.

यानंतर दरपत्रक उघडलंही. जुनंच होतं. ताईंनी खिडकी बंद केली आणि पुढच्या कामाला लागल्या.

त्या दिवशी एकच गोष्ट वेगळी घडली होती, आणि ती ताईंनी मला आपणहून सांगितली. रोज लॉगिनच्या पानावर पासवर्ड आपोआप भरला जातो. त्या दिवशी चौकट रिकामी होती. त्यांनी ड्रॉवरमधली डायरी काढली, मागच्या पानावर लिहिलेला पासवर्ड बघून हाताने टाकला. या संपूर्ण प्रकरणात सर्वांत स्पष्ट इशारा हाच होता. ब्राउझरने पासवर्ड एका ठरावीक पत्त्यासाठी साठवलेला असतो. पान कितीही हुबेहूब असो, पत्ता वेगळा असेल तर तो भरत नाही. त्याला लोगो दिसत नाही, रंग दिसत नाही. त्याला फक्त पत्ता दिसतो, म्हणून तो फसत नाही.

पत्ता कुठून वाचायचा

ब्राउझरच्या हिस्टरीत तो पत्ता अजून होता. सुरुवात अशी: लॉगिन डॉट मायक्रोसॉफ्टऑनलाइन डॉट कॉम. इथवर वाचून कुणीही मान डोलावेल, कारण खरा पत्ता एवढाच असतो. पण हा पत्ता तिथे संपत नव्हता. पुढे आणखी एक डॉट, मग तीन-चार निरर्थक अक्षरांचा शब्द, मग डॉट टॉप, आणि त्यानंतर पहिली तिरपी रेघ.

आपण पाकिटावर पत्ता लिहितो: मु. पो. कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर, जि. सोलापूर. पाकीट कुठल्या जिल्ह्यात जाणार हे शेवटची ओळ ठरवते. गावाचं नाव काहीही असू शकतं. वेबसाइटचा पत्ताही तसाच वाचायचा. पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचायचं. शेवटचे दोन तुकडे म्हणजे मालक. डॉट सीओ डॉट इन, डॉट जीओव्ही डॉट इन किंवा डॉट बँक डॉट इन असेल तर शेवटचे तीन. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो, मायक्रोसॉफ्ट लिहू शकतो, एसबीआय लिहू शकतो, भारत सरकार लिहू शकतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

अण्णांनी विचारलं, कुलूप दिसत होतं का? त्यांना कुणीतरी सांगितलेलं की कुलूप असलं की साइट सुरक्षित. हा सल्ला आता नुकसान करतो. कुलपाचा अर्थ एवढाच होता, की तुमच्या आणि त्या सर्व्हरच्या मधलं बोलणं गुप्त आहे. सर्व्हर चोराचा असेल तर चोराशी गुप्त बोलणं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. लोक कुलपाचा चुकीचा अर्थ लावतात हे बघून गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून ते काढूनच टाकलं. आमच्याकडच्या सल्ल्यांच्या मेसेजमधून ते निघायला अजून वेळ लागेल असं दिसतं.

आत बसलेला माणूस

मेलबॉक्स हातात आल्यावर चोरट्याने काहीही पळवलं नाही. त्याने एक नियम टाकून ठेवला. मेलमध्ये अशी सोय असते: अमुक माणसाकडून मेल आला की अमुक फोल्डरमध्ये टाक. मिलकडून येणारा प्रत्येक मेल ‘आरएसएस फीड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जाईल आणि वाचलेला म्हणून खुणावला जाईल, असा तो नियम होता. नियमाचं नाव: एक टिंब. ते फोल्डर आउटलुकमध्ये मुळातच असतं आणि ते कुणी उघडून बघितल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मग तो वाट बघत बसला. कोण कुणाला काय लिहितं, बिलं कधी येतात, पैसे किती दिवसांनी जातात, मिलचा अकाउंटंट मेलचा शेवट कसा करतो, सगळं वाचलं.

५० बॅगांचं बिल मिलने पाठवलं ते ताईंच्या इनबॉक्समध्ये आलंच नाही. सरळ त्या फोल्डरमध्ये गेलं. तासाभराने तेच बिल दुसऱ्या पत्त्यावरून आलं. मागचा पत्रव्यवहार खाली जसाच्या तसा जोडलेला. मिलच्या अकाउंटंटची ‘काइंडली डू द नीडफुल’ ही ठरलेली ओळसुद्धा होती. चुकीचं इंग्रजी दिसलं की सावध व्हा, हा सल्ला इथे काय कामाचा? इंग्रजी मिलचंच होतं.

फरक पत्त्यात होता. मिलच्या डोमेनमध्ये इंग्रजी ‘एम’ येतो. नव्या पत्त्यात एमच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं चिकटून होती. ताईंच्या स्क्रीनवर, त्या आकाराच्या अक्षरात, मला माहीत असूनही ते दोनदा बघावं लागलं. हे डोमेन चारच दिवसांपूर्वी नोंदवलेलं होतं; नोंदणीची तारीख कुणालाही तपासता येते. मेल खरा की खोटा हे ठरवणाऱ्या तांत्रिक चाचण्यांमध्ये, म्हणजे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कमध्ये, तो मेल व्यवस्थित पास झाला होता. यात त्या चाचण्यांचा दोष नाही. मेल ज्या डोमेनचं नाव सांगतोय तिथूनच आलाय का, एवढंच त्या बघतात. तो तिथूनच आला होता.

मजकुरात एक वाक्य जास्त होतं: आमचं नेहमीचं खातं ऑडिटसाठी तात्पुरतं बंद असल्याने या बिलाची रक्कम खालील खात्यात भरावी.

शुक्रवार दुपार

ताईंनी या वाक्यावर काही केलं नाही असं नाही. त्यांनी बिलावरचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस काढावं लागतं आणि त्यावर सरकारी सही असलेला क्यूआर कोड येतो. कोड खरा निघाला. बिल क्रमांक, तारीख, दोन्हींचे जीएसटी क्रमांक, रक्कम, सगळं जुळलं. ताईंचं समाधान झालं.

त्या कोडमध्ये बँक खातं नसतं. विकणारा, घेणारा, बिल क्रमांक, तारीख, किंमत, मालाचा एचएसएन, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कोड, आणि नोंदणी क्रमांक एवढंच त्यात बांधलेलं असतं. पीडीएफच्या खालच्या कोपऱ्यातला बँकेचा चौकोन बदलला तरी क्यूआर कोड खराच राहतो. चोरट्याला हे ठाऊक होतं की नशिबाने जमलं, सांगता येत नाही. पण खऱ्या बिलाला हात लावण्यातली सोय ही आहे, की बाकी सगळे पुरावे आपोआप त्याच्या बाजूने उभे राहतात. युनिटमध्ये मी हे समजावून सांगितलं तेव्हा ताई पहिल्यांदा चिडल्या. तोवर त्या फक्त स्वतःला दोष देत होत्या.

मग नेट बँकिंगमध्ये नवा लाभार्थी जोडायचा होता. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकल्यावर स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं. ही सोय अलीकडची. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा होतात, तुम्ही नाव काय लिहिलंय ते जुळवलं जात नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व संबंधित बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यायला सांगितलं. ताईंच्या स्क्रीनवर मिलचं नाव नव्हतं. कुठल्या तरी ट्रेडर्सचं होतं.

अण्णा तेव्हा चाटी गल्लीत एका गिऱ्हाइकाकडे बसले होते. ताईंनी फोन केला.

“अण्णा, खातं टाकलं तर नाव दुसरंच दाखवायलंय. कुठलं तरी ट्रेडर्स म्हणून.”

“असंल त्यांचीच दुसरी फर्म. टाकून द्या ताई, नाहीतर पुढची गाडी अडवतेत ते.”

या उत्तराला हसण्यात अर्थ नाही. सुताच्या धंद्यात एका घराच्या तीन-तीन फर्म असतात, जीएसटी एकीवर आणि बँकेची कर्जमर्यादा दुसरीवर. आयएफएससीवरून शाखा बघितली असती तर ती उत्तरेतल्या एका शहरात निघाली असती, मिलपासून हजारो किलोमीटर लांब. ते कुणी बघितलं नाही. सव्वातीनच्या सुमारास पैसे गेले.

दलालांचा फोन

ताईंनी यूटीआर, म्हणजे बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक, नेहमीप्रमाणे दलालांना व्हॉट्सॲपवर टाकला. दलालांची दलाली मिलकडे पैसे पोचल्यावर सुटते, त्यामुळे त्यांना यूटीआर लगेच लागतो आणि ते तो लगेच मिलला कळवतात. पाचच्या आधीच त्यांचा अण्णांना फोन आला.

“अण्णा, मिलवाले म्हणायलेत पैसे आलेच नाहीत. कुठल्या खात्यात टाकलाव?”

हा फोन आला नसता तर मिलच्या आठवणीच्या मेलपर्यंत कुणाला कळलं नसतं, आणि तो मेलही त्या आरएसएस फोल्डरमध्ये गेला असता. फसवणूक मेलच्या वाटेने आली होती. ती पकडली गेली कारण या व्यवहाराची एक दुसरी वाट होती, जिच्यावर चोरट्याचं नियंत्रण नव्हतं. दलालांनी ती सावधगिरी म्हणून ठेवलेली नव्हती. स्वतःच्या पैशासाठी ठेवली होती.

साडेपाचच्या आत १९३० वर फोन झाला. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन. २०२१ पासून तिच्यामागे गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची अशी व्यवस्था आहे, की तक्रार नोंदवली की ती संबंधित बँकेकडे जाते, तिथे शिल्लक असलेली रक्कम अडवली जाते, आणि पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळतं. फोनवर त्यांनी विचारलं ते एवढंच: कुठल्या खात्यातून, कुठल्या खात्यात, किती, किती वाजता, यूटीआर काय. ताईंकडे सगळं हाताशी होतं म्हणून काम पटकन झालं. पोच क्रमांक मेसेजवर आला. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर कागद चढवले, आपल्या बँकेला लेखी कळवलं आणि शहरच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ सी आणि ६६ डी, म्हणजे दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरीने फसवणं, आणि त्यासोबत भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८.

६,३०,००० पैकी २,१०,००० वेगवेगळ्या खात्यांत अडकवता आले. बाकीची रक्कम दोन तासांत तीन खाती फिरून काही एटीएममधून निघाली होती. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं. ही सोय आपल्याला आणि चोरट्याला सारखीच.

चौथ्या दिवशी अण्णांना एक फोन आला. समोरचा सायबर सेलमधून बोलतोय म्हणाला. तुमची रक्कम सोडवून देतो, आधी पाच टक्के प्रक्रिया शुल्क भरा. पैसे गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटण्याचा हा वेगळा धंदाच आहे. अण्णांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, याला आमचं कसं कळलं? नेमकं कसं ते सांगता येत नाही. पण मेलबॉक्सचा आधीचा पासवर्ड विकला गेला असेल, तर त्यासोबत ‘इथे पैसे गेले आहेत’ ही माहितीही विकली जाऊ शकते.

कुठे अडवता आलं असतं

ताईंचं क्लिक हा मुद्दा मी सर्वांत खाली ठेवेन. खऱ्या माणसाच्या खऱ्या मेलबॉक्समधून आलेली, कामाशी जुळणारी लिंक ओळखणं माणसाच्या डोळ्यांवर सोपवणं चूक आहे. तिथे यंत्राला काम द्यावं. पासवर्ड आपोआप भरला गेला नाही तर हाताने भरायचा नाही, एवढा एक नियम असता तरी पुरला असता. त्याहून बरं म्हणजे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली किल्ली: ती त्या पत्त्याशीच बांधलेली असते, चोराच्या पत्त्यावर चालतच नाही, त्यामुळे मध्ये बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. डायरी मात्र ठेवायला हरकत नाही, लोक उगाच डायरीला नावं ठेवतात. ड्रॉवरमधली डायरी इंटरनेटवरून कुणी वाचत नाही.

आर-एनचा पत्ता पकडणं अवघड होतं, पण एक खूण होती. नव्या मेलमध्ये तो पत्ता टाइप करायला घेतला असता तर मिलचा खरा पत्ता जसा आपोआप सुचतो तसा तो सुचला नसता. आउटलुकसाठी तो अनोळखी माणूस होता.

मला सर्वांत जड वाटतो तो नावाचा फरक. बाकी सगळे इशारे तांत्रिक होते. हा मराठीत वाचता येणारा होता, ताईंनी तो वाचला, वर कळवला, आणि तो बाजूला पडला. निर्णय घेणारा माणूस स्क्रीनसमोर नव्हता आणि स्क्रीनसमोरच्या माणसाकडे थांबवायचा अधिकार नव्हता. आमच्याकडच्या बहुतेक युनिटमध्ये रचना हीच आहे.

आता तिथे बदल झालाय तो असा. पुरवठादारांची खाती एका जाड वहीत हाताने लिहून ठेवली आहेत. खातं बदलल्याचं कुणी कळवलं, मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर, तर वहीतल्या जुन्या नंबरवर फोन जातो. नव्या मेलमधल्या नंबरवर कधीच नाही. मग एक रुपया पाठवायचा, तो पोचल्याचं समोरच्याने फोनवर सांगायचं, आणि मग बाकीची रक्कम. नाव जुळलं नाही तर ताई पैसे थांबवतात, आणि ते चालू करायला अण्णांना ऑफिसात यावं लागतं. ही शेवटची अट ताईंनी स्वतः घातली.

मेलबॉक्समध्ये फक्त पासवर्ड बदलून भागलं नाही. सगळ्या उपकरणांवरून एकदम साइन आउट करावं लागलं, तो नियम काढावा लागला, आणि बाहेर मेल वळवण्याची कुठली सोय कुणी चालू करून ठेवली आहे का ते बघावं लागलं. नियमांची ती यादी दर महिन्याला एकदा बघायला मिनिटभर लागतं.

त्याच आठवड्यात युनिटमधल्या एका फिटरच्या मोबाइलवर ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल व्हॉट्सॲपवर आली होती, शेवटी एपीके, म्हणजे उघडली की मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल. पत्ता वाचायची तीच पद्धत त्यालाही सांगितली. चलन बघायचं असेल तर ईचलन डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन. ॲप बनून चलन येत नाही. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं होतं, आणि तो शेवट फक्त बँकांनाच मिळतो. सरकारी म्हणून जीओव्हीच असेल असंही धरून चालू नये. महावितरणची खरी साइट महाडिस्कॉम डॉट इन आहे. वीज तोडण्याच्या धमकीचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला तर पत्ता वाचायचेही कष्ट घेऊ नयेत. कंपन्यांच्या अधिकृत एसएमएसवर पाठवणाऱ्याचं नाव अक्षरांत येतं आणि शेवटी एक खूण असते: सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी, जाहिरातीसाठी पी, सरकारी असेल तर जी.

पैशांचं काय

अण्णांनी बँकेला विचारलं, रिझर्व्ह बँकेचा तो कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर पूर्ण भरपाईचा नियम लागू होईल का? ६ जुलै २०१७ चं ते परिपत्रक ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होतं. इथे पैसे ताईंनीच, अण्णांच्या सांगण्यावरून पाठवले होते. बँकेने नाही म्हटलं, आणि माझ्या मते बँक बरोबर होती. नावसुद्धा तिने दाखवलं होतं.

मिलचं म्हणणं सरळ: माल दिला, पैसे मिळाले नाहीत. अण्णांचं म्हणणं: सुरुवात तुमच्या मेलबॉक्सपासून झाली. दोघांचंही खरं आहे. यात घाई झाली ती जीएसटीमुळे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, व्याजासह परत करावं लागतं. चोराला दिलेले पैसे मिलला दिल्यात धरत नाहीत. दलालांनी दोघांना फोनवर बसवलं. शेवटी मिलने साठ दिवसांची मुदत दिली, पुढच्या दोन गाड्यांवर किलोमागे थोडा भाव कमी केला, आणि अण्णांनी पूर्ण रक्कम पुन्हा भरायची कबूल केली. भाव नेमका किती कमी केला ते दोघांपैकी कुणी सांगत नाही.

अडकवलेले २,१०,००० परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. अर्ज दाखल झालाय. त्यातली ४०,००० ची एक रक्कम ज्या खात्यात अडकली आहे, त्या खातेदाराने ती आपल्या मालाची आल्याचा दावा केला आहे आणि तो खरा व्यापारी असण्याची शक्यता पोलीस नाकारत नाहीत.